पारड्यातला आवाज

जुलैत बेदाणे पारड्यात टाकले की आवाज होत नाही. जानेवारीत तेच बेदाणे पितळेच्या पारड्यात पडले की जाडी वाळू सांडल्यासारखे वाजतात. दादर पश्चिमेला, स्टेशन आणि कबुतरखान्याच्या मधल्या गर्दीत, सुकामेवा आणि हिंग-मसाल्याच्या ज्या दुकानात मी अडतीस वर्षं काढली, तिथे पहिल्या दिवशी मला शिकवलं गेलं ते एवढंच. वजन करायला नाही, पुडी बांधायला नाही, गल्ल्याकडे बघायला तर मुळीच नाही. दिवाणजींनी मूठभर बेदाणे उचलले, वीतभर उंचीवरून पारड्यात सोडले आणि विचारलं, "काय ऐकलंस?"

"काही नाही."

"मग हा माल आज पुढे मांडायचा नाही. सादळलाय."

ते १९८३ साल होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि दीड वर्ष उलटून गेलं तरी परळच्या गिरणीचा भोंगा आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत ऐकू येत नव्हता. वडील साचेवाले. ते रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचे आणि खाली चौकात जाऊन उभे राहायचे. बारावीचं पुस्तक मिटून मी नोकरी धरली, तेव्हा ते एकच वाक्य बोलले: "म्हणजे आता पठाणाचा माल विकणार." त्यांच्या पिढीला अफगाण माणूस माहीत होता तो गिरणीच्या फाटकावर, पगाराच्या दिवशी, काठी टेकून उभा असलेला. पठाणी व्याज हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. त्या माणसाच्या देशात द्राक्षं पिकतात, ती वाळतात आणि तीच आपण सत्यनारायणाच्या शिऱ्यात घालतो, हे वडिलांच्या डोक्यात कधी एकत्र आलंच नाही. तोपर्यंत माझ्याही नव्हतं.

दुकानातला निम्मा माल 'काबुली' म्हणून यायचा. तो काबूलचा असेलच असं नाही. परदेशातून आलेली कुठलीही वस्तू चाळीत जशी 'फॉरेनची', तसा हिंदुकुशच्या आसपासचा सगळा माल काबुली. माळेत ओवलेली कंदहारची अंजिरं, गुठळीसकट वाळवलेले जर्दाळू, लांब हिरवे बेदाणे, बिया असलेल्या जाड मनुका, बारक्या कडवट-गोड गुरबंदी बदामांची पोती, पिस्ते, शहाजिरं. आणि मागच्या खोलीत, तीन कुलपांच्या आड नव्हे पण तीन झाकणांच्या आड, हिंग. एकदा एका आजींना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "ही अंजिरं कंदहारची." त्या म्हणाल्या, "कंधार होय? माझं माहेर तिकडचंच, नांदेडकडचं. पण आमच्याकडे अंजीर कधी लागलं रे?" नांदेड जिल्ह्यातलं कंधार आणि अफगाणिस्तानातलं कंदहार हा घोटाळा मी पुढे दहा-बारा वेळा तरी निस्तरला असेन.

मी त्या देशात कधी गेलो नाही. पासपोर्टसुद्धा काढला तो उशिरा, मुलीकडे दुबईला जायचं म्हणून. पण तिथली हवा मात्र रोज माझ्या तळहातावर असायची. पोतं उसवलं की पहिल्या क्षणाला जो वास येतो तो फळाचा नसतो, धुळीचा असतो. कोरड्या, उन्हात भाजलेल्या, जरा पिठासारख्या धुळीचा. पोतं उघडं राहिलं तर पावसाळ्यात हा वास दोन तासांत जातो. मग दादरचा वास त्याची जागा घेतो.

शाळेत भूगोलात मी काठावर पास झालेला. दुकानात लागल्यावर मात्र पोटमाळ्यावर शालेय नकाशासंग्रहाचं एक पान चिकटवलं आणि मशीद बंदरचे घाऊक व्यापारी, ट्रकवाले, नंतर वर्तमानपत्रं यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी शिकत गेलो. आपला मोसमी वारा अरबी समुद्रावरून भिजून येतो आणि चौपाटीवर आधी आपल्याला गाठतो. त्या देशाच्या डोंगरांपर्यंत पोचेस्तोवर त्याची पखाल रिकामी झालेली असते. खोस्त, कुनार अशा पूर्वेच्या कडेला उन्हाळ्यात काही सरी पडतात, तेवढंच. बाकी देशाला पाणी मिळतं ते उलट्या दिशेने आणि उलट्या ऋतूत: हिवाळ्यात, पश्चिमेकडून, भूमध्य समुद्रावरून निघालेल्या ढगांतून. तेही बरंचसं बर्फ होऊन. काबूल अठराशे मीटर उंचीवर आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून तिथे तीनशे मिलिमीटरच्या आसपास भरतो, त्यातलाही बहुतेक हिवाळ्यात आणि वसंतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ कोरडं ठाक. आणि नेमकं तेव्हाच तिथलं फळ पिकतं. मुळाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी, डोक्यावर एक थेंब नाही, दिवसा कडक ऊन, रात्री गारवा. आपण ज्याला सुकामेवा म्हणतो तो त्या योगाचा परिणाम. तिथल्या शेतकऱ्याला फळ वाळवण्यासाठी फारशी खटपट करावी लागत नाही. झाडाखाली चादर अंथरून जर्दाळू पसरायचे, एवढी खात्री आभाळाची असावी लागते.

आपल्याकडे ती नाही. सांगलीकडचा बेदाणा मी भरपूर विकला, आणि त्याला कमी लेखणारा मी नव्हे. तासगाव, कवठे महांकाळ, जत हा पट्टा पर्जन्यछायेतला. तिथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाळीच्या रॅकवर द्राक्षं वाळतात. घड पोटॅशच्या पाण्यात बुडवून काढतात म्हणजे साल सैल होते आणि पंधरा-वीस दिवसांत माल तयार होतो. पण मार्चमध्ये एक अवकाळी पाऊस आला की शेडमधला हिरवा माल काळा पडतो, आणि आमच्याकडे तासगावहून फोन येतो तो आवाजावरूनच कळतो. सासवडचं अंजीर तर वाळवायच्या फंदात कोणी फारसं पडत नाही. ते टोपलीतून पानांत गुंडाळून ताजंच येतं, दोन दिवसांत खायचं, नाहीतर फेकायचं. त्याची चव माळेतल्या अंजिराहून सरस आहे, असं माझं मत. दुकानात मात्र हे मी कधी बोललो नाही.

तर आमचा सगळा धंदा म्हणजे कोरड्या देशाची हवा ओल्या शहरात कोंडून ठेवायची. मे संपता संपता तयारी सुरू. गोदाम हिंदमाताच्या बाजूला एका गल्लीत. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर. सुट्टा माल पत्र्याच्या डब्यांत, डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेला कळीचा चुना, त्यावर जाड कागद, मग माल. गोदामात पंखा लावायला बंदी. नव्या पोराला वाटतं, वारा आला म्हणजे माल सुकेल. जुलैत मुंबईच्या हवेत दमटपणा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. पंखा ते पाणीच आत ओढून आणतो. त्याऐवजी साठ वॅटचे दोन दिवे दिवसरात्र जळत ठेवायचे. नंतर नंतर अंजीर आणि जर्दाळू तुर्भ्याला शीतगृहात जाऊ लागले. त्यातही एक मेख होती, आणि ती मला पहिल्या वर्षी महागात पडली. शीतगृहातून आलेली पेटी लगेच उघडायची नाही. थंड मालाला दादरची हवा लागली की त्याला घाम सुटतो, अक्षरशः. मी उत्साहाने सहा पेट्या उघडून मांडल्या आणि तासाभरात अंजिरांच्या माळा न्हाऊन निघाल्यासारख्या चमकायला लागल्या. चौथ्या दिवशी बुरशी. शेठ रागावले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्या पगाराच्या खात्याचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

आणि या सगळ्याच्या ऐन मध्यावर येतात गणपती. पंचखाद्यात पाच 'ख' लागतात: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. म्हणजे ज्या पंधरवड्यात शहरात काडेपेटीची काडीसुद्धा पेटत नाही, त्याच पंधरवड्यात अख्ख्या दादरला जगातल्या सगळ्यात कोरड्या वस्तू हव्या असतात. रांगेतल्या बायका खिसमिस बोटाने दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "ओलसर लागतंय हो." काय सांगणार? ताई, ओलसर तुमचं बोटही आहे.

'सादळणे' या शब्दावर मी पुष्कळ विचार केला आहे. भिजणं वेगळं, कुजणं वेगळं. सादळलेल्या वस्तूवर पाण्याचा थेंब पडलेला नसतो. पापड डब्यात असतो, डबा फडताळात असतो, फडताळ बंद असतं, आणि तरी पापड सादळतो. त्यात कोणाची चूक नसते.

त्या देशात पाऊस मोजण्यापेक्षा बर्फ मोजणं महत्त्वाचं, हे मला कळलं २००१ च्या सुमाराला. १९९८ पासून तिकडे तीन-चार वर्षं सलग दुष्काळ होता. आमच्यापर्यंत तो पोचला तो जर्दाळूच्या आकारातून. दर वर्षी दाणा थोडा बारीक, गर थोडा पातळ, गुठळी तेवढीच. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला मी विचारलं, "शेठ, पाऊस नाही का झाला तिकडे?" तो हसला. "पावसावर कोण बसलाय तिकडे? बर्फ नाही पडला." डोंगरावर हिवाळ्यात बर्फ साठतो, तो उन्हाळ्यात हळूहळू उतरतो, नद्यांतून, आणि कारेझ म्हणतात त्या जमिनीखालच्या लांबलचक बोगद्यांतून बागेपर्यंत येतो. बर्फ कमी तर जुलैत पाणी कमी, आणि जुलैत पाणी कमी तर पुढच्या हिवाळ्यात दादरला जर्दाळू बारीक.

हे ज्ञान मी ताबडतोब एका गिऱ्हाइकावर वापरलं. पारशी कॉलनीतल्या एक बाई टिळक पूल ओलांडून चालत यायच्या, फ्रॉक, हातात दोरीची पिशवी. महिन्याला एक किलो जर्दाळू, मटणात घालायला. तुर्कस्तानचे नारिंगी, बिनबियांचे, दिसायला सुरेख जर्दाळू त्यांना चालत नसत. "ए तो जेलीबीन छे," म्हणायच्या. त्यांना तपकिरी, सुरकुतलेले, गुठळीवालेच हवे. त्या वर्षी त्यांनी माल बारीक म्हणून माझी हजेरी घेतली, तेव्हा मी बर्फाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि त्यानंतर दर वर्षी हिवाळ्यात, भाव विचारायच्या आधी, विचारायच्या: "भाई, आ वरसे बरफ पड्यो के?" मग मला बातमी काढून ठेवावी लागे. मला वाटतं, आख्ख्या दादरमध्ये हिंदुकुशच्या बर्फाची वास्तपुस्त करणारी ती एकच व्यक्ती असेल. बाकी वर्षभर त्या देशाला कोणी हिंग लावून विचारत नसे, आणि हिंग तर तिथूनच यायचा.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपारी दोनच्या सुमारास अंधारून आलं. हिंदमाताला पाणी भरणं हे आम्हाला नवीन नव्हतं. त्यासाठीच तर फळ्या दोन फूट उंच होत्या. चार वाजता हमालाचा फोन आला, पाणी फळीला लागलंय. मी दुकानातून निघालो तो छातीभर पाण्यातून, दोरी धरून, पावणेसात वाजता गोदामाशी पोचलो. वीज गेलेली. आत हमाल आणि त्याचा भाचा, दोघे पोत्यांवर पोती चढवत होते, आणि खालची थप्पी आधीच फुगायला लागली होती. बेदाण्याचं पोतं पाणी प्यायला लागलं की चुळबुळ केल्यासारखा आवाज येतो. दाणे फुगून एकमेकांना ढकलतात. अंधारात उभं राहून मी तो आवाज ऐकला. बेदाणे परत द्राक्षं व्हायला निघाले होते.

आमची एक्केचाळीस पोती गेली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला फक्त ७३. आमच्याकडे या दोन्हींच्या मधला काही पडला असेल. पण सांताक्रूझचा आकडा वाचताना माझ्या डोक्यात भागाकार सुरू झाला: काबूलचा तीन वर्षांचा पाऊस एका दिवसात. आठवडाभराने महापालिकेच्या गाडीत आंबलेला माल भरताना तो वास पार परळच्या नाक्यापर्यंत दारूच्या भट्टीसारखा पसरला होता. विम्याचं काय झालं ते विचारू नका. कंपनीचा माणूस आला, फोटो काढले, आणि त्याने विचारलं, "माल आधीच ओलसर नव्हता कशावरून?"

२०१२ च्या पावसाळ्यात एक उंच, गोरा मुलगा दुकानात शिरला. पुण्यात शिकत होता, आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर. पुण्यात तेव्हा अफगाण विद्यार्थी बरेच होते. मित्राला भेटायला मुंबईला आला होता आणि आमच्या पाटीवरची 'काबुली मेवा' ही अक्षरं त्याने कोणाकडून तरी वाचून घेतली होती. त्याची हिंदी सिनेमातली, पण साफ. "चाचा, ये बारिश बंद कब होती है?"

"गणपतीनंतर," मी म्हटलं. त्याला गणपती माहीत होते, पुण्यात राहत असल्यामुळे.

तो चारिकारच्या बाजूचा, काबूलच्या उत्तरेला, शोमालीच्या मैदानातला. द्राक्षांचा मुलूख. मी त्याला हिरवे बेदाणे दाखवले. त्याने एक उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "ये धूप का नहीं, साये का है." मग काउंटरवर बोटाने रेघा मारत त्याने किशमिशखाना समजावून दिला. जाड मातीच्या भिंतीची उंच खोली, भिंतीला विटांएवढी शेकडो भोकं, आत आडव्या काठ्यांवर घड टांगलेले. ऊन आत येत नाही. उन्हातून तापून आलेला वारा तेवढा भोकांतून जातो. महिनाभरात घड तिथल्या तिथे सुकतात आणि रंग हिरवाच राहतो. उन्हात वाळवलेला माल लालसर होतो. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हिरवा महाग आणि लाल स्वस्त असं सांगत आलो होतो. हिरव्याला घर लागतं, लालला अंगण पुरतं, हे त्या दिवशी कळलं.

वाऱ्याबद्दल तो बराच बोलला. हेरातकडे उन्हाळ्यात एकशे वीस दिवसांचा वारा म्हणूनच एक वारा आहे. त्यावर जुन्या काळी उभ्या पात्यांच्या पवनचक्क्या चालत. पिस्त्यांचं रान ज्या बादगीस प्रांतात आहे त्याचं नावच वाऱ्यावरून पडलेलं. माझ्या गोदामात पंखा लावायला बंदी, आणि तिकडे वाऱ्याला महिन्यांचा हिशेब. मी त्याला सादळणं म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. कुरकुरीत वस्तू, बंद डब्यात, पाणी न लागता मऊ पडते. त्याने दोनदा विचारलं, "पाणी न लागता?" मग मान हलवली. आमच्याकडे असं होत नाही, म्हणाला. आमच्याकडे फार तर वस्तूला तडा जातो.

त्याला चौपाटी बघायची होती. मी दुपारच्या सुट्टीत त्याला शिवाजी पार्कमागे घेऊन गेलो. भरतीची वेळ, गढूळ पाणी, कठड्यावर आपटणाऱ्या लाटा. समुद्राकडे त्याने बघितलं थोडं. जास्त वेळ तो कठड्याजवळच्या लोखंडी गजाकडे बघत होता. गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. त्याने एक पापुद्रा नखाने काढला. "समुद्र लोखंड खातो?" मी म्हटलं, समुद्र नाही रे, हवा. तेव्हा पेपरात रोज छापून येत होतं ते मी त्याला सांगितलं: आमचे सात तलाव आहेत, चार महिन्यांत भरतात, आठ महिने आम्ही ते पितो, आणि जुलैत आम्ही सगळे त्यांचे आकडे बघत बसतो. त्याला ते लगेच पटलं. "हमारा तालाब पहाड़ के ऊपर है," म्हणाला, "बर्फ का." काबूल सोन्याविना राहील पण बर्फाविना नको, अशी त्यांच्याकडे म्हण आहे, तीही त्याने सांगितली. आणि तोच बर्फ माणसं कशी घेतो तेही. सालंगची खिंड त्याच्या गावाच्या वरच. तिथे साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर १९६४ मध्ये उघडलेला बोगदा आहे, उत्तर-दक्षिण अफगाणिस्तान जोडणारा. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे हिमकडे कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली. त्याच्या शेजारचा एक ट्रक ड्रायव्हर त्यात होता. म्हणजे तोच, माल आणणाऱ्यांपैकी. मी काही बोललो नाही. आम्ही भेळ घेतली. त्याला कुरमुरे सादळलेले लागले आणि तो एकदम हसायला लागला: "ये है? ये है वो?"

समुद्र नसणं म्हणजे काय, हे मात्र मला धंद्यानेच शिकवलं. मालाला दुसऱ्याच्या अंगणातून यावं लागतं आणि अंगणाचा मालक रोज वेगळ्या मनःस्थितीत असतो. कधी माल कराचीवरून बोटीने यायचा, कधी तोरखमवरून अटारीला. २०१० च्या करारानंतर अफगाण ट्रक वाघ्यापर्यंत येऊ लागले, पण जाताना भारतीय माल घेऊन जायची मुभा नव्हती; रिकामे परत. सीमा बंद झाली की ट्रक उभे, आणि उन्हात उभ्या ट्रकमधली अंजिरं चिघळायची. २०१७ मध्ये विमानाने माल यायला लागला, आधी दिल्लीला आणि त्या डिसेंबरात मुंबईलाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये झरंजहून चाबहारमार्गे पहिला माल निघाला. झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधलेला, त्यामुळे आमच्या शेठना त्याचं फार कौतुक. गोणीवर 'चाबहार' लिहिलेलं पोतं आलं तेव्हा त्यांनी त्याला कुंकू लावलं.

हिंगाचं सांगायचं राहिलं. हिंगाचं झाड कोरड्या, थंड, दगडी उतारावर येतं. मुळाच्या माथ्याशी काप देतात, चीक गळतो, वाळतो, खरवडून घेतात. पाऊस पडला तर चीक धुऊन जाईल, हे मी माझ्या अकलेने धरून चाललो. दुकानात येणारा बांधणी हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला. शुद्ध खडा मागच्या खोलीत. त्या खोलीत जो काम करतो त्याच्या लग्नात फुलांचा वास येत नाही, असं दिवाणजी म्हणायचे. १५ ऑक्टोबर २०२० ला हिमाचलात लाहौलमधल्या क्वारिंग गावी पालमपूरच्या संस्थेने भारतातलं पहिलं हिंगाचं रोप लावलं, ही बातमी मी कापून पोटमाळ्यावरच्या नकाशाशेजारी चिकटवली. लाहौलही तसंच: उंच, पावसाच्या आडोशाला, हिवाळ्यात बर्फाखाली. म्हणजे त्या देशाची हवा आपल्याकडेही होती तर. फक्त फार वर.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात गेलं. दुसऱ्या दिवशी मशीद बंदरहून फोन: अंजिराचा भाव वाढवा, असलेला माल हळू सोडा. सहा दिवसांवर राखी, पुढे गणपती. गिऱ्हाईक मास्कच्या आडून भांडत होतं. पहिल्यांदाच लोक मला त्या देशाबद्दल विचारत होते, पण विमानतळाबद्दल, विमानाला लटकलेल्या माणसांबद्दल. पुण्यातून परत गेलेल्या त्या मुलाचा नंबर मी लावून बघितला. बंद होता.

गणपतीच्या दोन दिवस आधी पारशी बाई आल्या. वय झालं होतं, पूल ओलांडणं सुटलं होतं, टॅक्सीने आल्या आणि खाली न उतरता मला बाहेर बोलावून घेतलं. भाव मी सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "बरफ पड्यो हतो?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे काबूलची प्रत्येक बातमी वाचत होतो आणि हे बघायचं राहून गेलं होतं. मी आत गेलो, नव्या पोत्यातले पाच जर्दाळू काढले, गर सोलला आणि दोनशे ग्रॅमच्या वजनाने गुठळ्या फोडल्या. आतलं बी भरलेलं असलं म्हणजे झाडाला पाणी मिळालं होतं, हा आमचा दुकानी हिशेब. दोन बिया भरलेल्या निघाल्या. तीन सुरकुतलेल्या, कागदासारख्या. पाचही तळहातावर घेऊन मी टॅक्सीपाशी गेलो. बाईंनी चष्मा वर करून त्या बघितल्या, एक भरलेली बी उचलून तोंडात टाकली.

"पाऊण किलोच दे," म्हणाल्या.